विसाव्या शतकाच्या आरंभीच्या डॉक्टरांचे दप्तर कसे वाचावे : पुण्यातील नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

पुण्यातील जुन्या घरांच्या माळ्यांवर, संस्थांच्या कपाटांत आणि सरकारी अभिलेखागारांत सुमारे १९०० ते १९४० या काळातील डॉक्टरांचे कागद अजूनही सापडतात. यांतील काही डॉक्टर रुग्ण तपासण्याबरोबर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतही असत. अशा एखाद्या डॉक्टर-अध्यापकाच्या कागदांवर प्रबंधासाठी, चरित्रासाठी किंवा घराण्याच्या इतिहासासाठी प्रथमच काम करू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पेशवाईतील कागद कसे वाचावेत हे शिकवणारी जाणती माणसे पुण्यात भेटतात. वैद्यकीय कागदांच्या बाबतीत मात्र नव्या अभ्यासकाला बहुधा एकट्यानेच चाचपडावे लागते. मी अशा एका संग्रहावर काम केले आहे आणि त्या अनुभवातून जी पद्धत उपयोगी ठरली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हा डॉक्टर एकाच वेळी तीन भूमिकांत वावरत असे: रुग्णांचा डॉक्टर, विद्यार्थ्यांचा अध्यापक आणि पुष्कळदा सरकारचा नोकर. या तीन भूमिकांचे कागद वेगळ्या ठिकाणी साठतात, वेगळ्या भाषेत लिहिलेले असतात आणि वेगळ्या रीतीने वाचावे लागतात. म्हणून हाती आलेला कागद कोणत्या भूमिकेतून निर्माण झाला, हा प्रश्न त्यातील मजकुराच्या आधी विचारावा.

१. कारकीर्द एका पानावर मांडा

कागदांना हात लावण्यापूर्वी डॉक्टरांचे शिक्षण, पदवी, नेमणुका आणि निवृत्ती यांचा कालक्रम एका पानावर लिहून काढावा. जागा कोऱ्या राहिल्या तरी चालतील. पुढे कागदांतूनच त्या भरत जातात.

पदवीवरून बरेच काही कळते. मुंबई विद्यापीठाची एल. एम. अँड एस. आणि पुढे तिच्या जागी आलेली एम. बी. बी. एस. या पदव्या घेणारे विद्यार्थी त्या काळी प्रामुख्याने १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडत. एल. सी. पी. एस. ही अर्हता १९१२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची होती. नावामागे आय. एम. एस. असेल, तर ती पदवी नसून इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी मुळाच्या सेवेची खूण आहे.

येथे पुणेकर अभ्यासकासाठी एक ठरलेला सापळा आहे. बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय हे १९४६ साली महाविद्यालय झाले. त्यापूर्वी ती मेडिकल स्कूल, म्हणजे वैद्यकीय शाळा होती. त्यामुळे १९२० साली तेथे शिकवणाऱ्या डॉक्टरांना घरच्या आठवणींत ‘प्रोफेसर’ म्हटले जात असले, तरी कागदोपत्री त्यांचे पद काय होते हे तपासल्याशिवाय तो शब्द आपल्या लेखनात उतरवू नये. सरकारी नोकरीतील पद, ठिकाण आणि पगार यांसाठी मुंबई सरकारच्या छापील सिव्हिल लिस्ट पाहाव्यात. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्यानंतर डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या काळासाठी नोंदणीकृत डॉक्टरांच्या याद्याही उपयोगी पडतात.

२. कागद कोठे असतील याचा शोध घ्या

एका माणसाचे सर्व कागद एका ठिकाणी मिळतील, ही अपेक्षा सोडून द्यावी. जगप्रसिद्ध डॉक्टरांच्या बाबतीतही ती क्वचितच पूर्ण होते. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधणारे आणि पुढे लिव्हरपूल येथे अध्यापन करणारे रोनाल्ड रॉस यांचे कागद आज लंडन आणि ग्लासगो अशा दोन शहरांतील संस्थांत विभागलेले आहेत. प्लेगची लस तयार करणारे हाफकिन यांनी मुंबईत काम केले, पण त्यांचे कागद जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

पुण्यातील डॉक्टरांसाठी शोधाचा क्रम असा ठेवावा. प्रथम घर, कारण रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या आणि खासगी पत्रे तेथेच राहतात. चौकशी करताना केवळ मुलांच्या घरी थांबू नये. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सासरी आणि दवाखाना पुढे चालवलेल्या सहायकाच्या घरीही विचारावे. केसबुके, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या वह्या, अनेकदा दवाखान्याबरोबर गेलेली असतात. ‘सगळे पानशेतात वाहून गेले’ असे उत्तर नदीकाठच्या पेठांत हमखास मिळते आणि ते पुष्कळदा खरेही असते. तरीही १२ जुलै १९६१ च्या पुराच्या वेळी कोणते सामान वरच्या मजल्यावर होते, हे शांतपणे विचारावे. माळ्यावरची ट्रंक अशा पुरातून वाचू शकते.

त्यानंतर संस्था. डॉक्टर ज्या रुग्णालयात, शाळेत किंवा मंडळात काम करत, तेथील कार्यवृत्ते, वार्षिक अहवाल आणि परीक्षांचे कागद पाहावेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवत आले आहे, त्यामुळे तेथील सूची अवश्य चाळावी.

सरकारी कागदांबाबत नवा अभ्यासक हमखास चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. पुण्यात काउन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागार आहे म्हणून तो आधी तेथे जातो; परंतु ते मुख्यतः पेशवे दप्तर आणि त्याच्याशी संबंधित कागदांचे भांडार आहे. मुंबई सरकारच्या खात्यांचे कागद मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. प्लेगविषयीचे जनरल डिपार्टमेंटचे स्वतंत्र खंड तेथेच मिळतात. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येण्याचा बेत पहिल्या खेपेला करू नये. पहिला दिवस अर्ज, परवानगी आणि सूची पाहणे यांतच जातो असे धरून मुक्कामाची सोय करावी.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील गृहखात्याच्या वैद्यकीय आणि सॅनिटरी शाखांचे पुष्कळ कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातील वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह खुला केला आहे. प्रवासाचा खर्च करण्याआधी हे दोन्ही पाहून घ्यावेत.

वर्तमानपत्रे शेवटी पाहावीत, कारण तारीख हाती असल्याशिवाय ती चाळणे फार वेळखाऊ असते. ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’ यांच्या फायलींत डॉक्टरांची व्याख्याने, दवाखान्याच्या जाहिराती आणि मृत्युलेख सापडतात.

३. सोबत काय न्यावे

अभिलेखागारात जाताना पुढील कागदपत्रे तयार ठेवावीत:
• शासनमान्य ओळखपत्र आणि त्याच्या प्रती
• पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
• विद्यापीठाचे, संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे परिचयपत्र
• अभ्यासविषय, कालखंड आणि हवी असलेली खाती नमूद केलेला एक पानी अर्ज
• घरचे कागद पाहायचे असल्यास मालकाची लेखी संमती

साधनांमध्ये शिसपेन्सिली, वही, भिंग, मऊ ब्रश, साधे पांढरे लिफाफे आणि मोजपट्टी एवढे पुरते. शाईचे पेन पिशवीतच ठेवावे. कॅमेऱ्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते, म्हणून निघण्यापूर्वी त्या कार्यालयाकडून सध्याचे नियम विचारून घ्यावेत.

४. मूळ क्रम मोडू नका

घरातील ट्रंक उघडल्यावर पहिली इच्छा होते ती कागद विषयवार किंवा तारखेवार लावण्याची. ती आवरावी. कोणते पत्र कोणत्या वहीत खोचलेले होते, कोणते बिल कोणत्या केसबरोबर टाचलेले होते, यातून डॉक्टरांच्या कामाची पद्धत कळते आणि एकदा पुडके सुटले की ती माहिती पुन्हा मिळत नाही. प्रथम ट्रंकेचे थरावार छायाचित्र घ्यावे, प्रत्येक पुडक्याला क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक कागदावर नव्हे, लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहावा. तारखेवार क्रम हवा असेल तर तो आपल्या यादीत तयार करावा.

जतनाच्या बाबतीत न करण्याच्या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन करू नये. त्याने कागद कायमचा बिघडतो. दमट कागद उन्हात वाळवू नयेत, सावलीत हवेशीर जागी टीपकागदावर पसरावेत. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. डांबराच्या गोळ्या कागदांना टेकवून ठेवू नयेत. पावसाळ्यात ट्रंक उघडण्याचे काम शक्य तर पुढे ढकलावे. कागद हाताळण्यासाठी हातमोज्यांपेक्षा स्वच्छ, कोरडे हात बरे. छायाचित्रे आणि व्याख्यानांसाठी वापरलेल्या काचेच्या स्लाइडी मात्र कडेने आणि हातमोजे घालूनच धराव्यात.

एका विशिष्ट वहीबद्दल येथे सांगणे आवश्यक आहे. अत्यंत पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदाची आणि उलट्या अक्षरांची वाटणारी वही सापडली, तर ती टाकाऊ समजू नये. ती पाठवलेल्या पत्रांची नक्कलवही असते. मूळ पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून शाईचा ठसा घेतला जाई, म्हणून तो मजकूर पानाच्या दुसऱ्या बाजूने वाचायचा असतो. पानामागे पांढरा कागद धरला की अक्षर स्पष्ट होते. आलेली पत्रे पुष्कळांच्या घरी मिळतात. पाठवलेल्या पत्रांचे उत्तर-प्रत्युत्तर जुळवून देणारी अशी वही मिळणे हे अभ्यासकाचे मोठे भाग्य समजावे. या वहीची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओला हात तिच्यापासून कटाक्षाने दूर ठेवावा.

५. तारखा नक्की करा

त्या पिढीतील डॉक्टर औषधयोजना इंग्रजीत, घरची पत्रे बालबोधीत आणि हिशेब कधी कधी मोडीत लिहीत असत. तारखाही त्याप्रमाणे बदलतात. मोडी येत नसेल तर तिचे वर्ग पुण्यात भरतात. हिशेबाच्या वह्या वाचण्यापुरती मोडी नियमित सरावाने साध्य होते.

शकाचे इसवी सन काढताना त्यात ७८ मिळवावेत, असे आपण शाळेत शिकतो. परंतु शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८३९ चा आषाढ १९१७ साली येतो, पण त्याच शकातील माघ १९१८ साली. पौष महिना डिसेंबर आणि जानेवारी असा दोन वर्षांत विभागलेला असू शकतो, म्हणून तेथे आणि अधिक महिन्याच्या वर्षी अंदाज न करता जंत्री पाहावी. हिशेबात ‘२–४–०’ असे दिसले तर ते दोन रुपये चार आणे शून्य पै असे वाचावे. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा ही पद्धत १९५७ पर्यंत चालली.

तारीख नसलेल्या पाकिटावरील तिकीट पाहावे: सातव्या एडवर्डचे चित्र असलेली तिकिटे १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून आणि सहाव्या जॉर्जची १९३७ पासून आली. तारीख नसलेल्या औषधयोजनेत कोणते औषध आहे यावरूनही तिची सर्वांत आधीची मर्यादा ठरते. उपदंशावरील साल्व्हर्सान हे औषध १९१० मध्ये बाजारात आले. आमांशावर एमेटीनची इंजेक्शने देण्याची पद्धत कलकत्त्यात प्राध्यापक असलेल्या लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये मांडली. इन्सुलिनचा पहिला वापर १९२२ चा, तर सल्फा औषधे १९३५ नंतरची. ही मर्यादा केवळ एका बाजूने असते, हे विसरू नये. जुनी औषधे नवी आल्यानंतरही वर्षानुवर्षे दिली जात होती.

६. औषधयोजना आणि केसबुके वाचा

या कागदांचा गाभा येथे आहे आणि बहुतेक अभ्यासक येथूनच मागे फिरतात. वास्तविक ही लिपी काही आठवड्यांत सवयीची होते, कारण तिचा शब्दसंग्रह मर्यादित आहे आणि तीच औषधे पुन्हा पुन्हा येतात.

प्रथम मापे समजून घ्यावीत. इंग्रजी तीनाच्या आकड्यासारखे, खाली शेपूट असलेले चिन्ह म्हणजे ड्रॅम. त्याच चिन्हाच्या वर आणखी एक वळसा असेल तर तो औंस. वरचा वळसा घाईच्या अक्षरात निसटतो आणि मात्रा आठपट चुकते, म्हणून प्रत्येक संशयास्पद ठिकाणी त्याच औषधाची दुसरी नोंद शोधून पडताळावी. पातळ औषधांत ६० मिनिमचा एक ड्रॅम आणि ८ ड्रॅमचा एक औंस होतो. घन औषधे ग्रेनमध्ये मोजत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. संख्या बहुधा लहान रोमन अक्षरांत असतात आणि शेवटच्या ‘आय’ऐवजी ‘जे’ लिहिलेला असतो, त्यामुळे ‘आय, आय, जे’ म्हणजे तीन.

त्यानंतर लॅटिन संक्षेप येतात. ‘टी. डी. एस.’ म्हणजे दिवसातून तीन वेळा, ‘बी. डी.’ म्हणजे दोन वेळा, ‘एच. एस.’ म्हणजे झोपताना आणि ‘क्यू. एस.’ म्हणजे पुरेसे. ‘मिस्ट.’ हे मिक्श्चरचे रूप. याशिवाय प्रत्येक डॉक्टरांचे स्वतःचे संक्षेप असतात, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीच्या शेवटच्या पानांवर संक्षेपांची यादी सुरू करावी आणि प्रत्येकासमोर तो प्रथम कोठे आढळला ते लिहावे.

औषधाच्या नावावरून त्याची तीव्रता ठरवताना तत्कालीन ब्रिटिश फार्माकोपिया, म्हणजे औषधांची अधिकृत प्रमाणसूची, पाहणे आवश्यक आहे. तिच्या आवृत्त्या १८९८, १९१४ आणि १९३२ साली निघाल्या आणि काही औषधांची तीव्रता आवृत्तीगणिक बदलली. आजच्या पुस्तकावरून १९०५ च्या मात्रेला ‘धोकादायक’ किंवा ‘निरुपयोगी’ ठरवणे अन्यायाचे आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये असते आणि त्या काळच्या इंग्रजी तापमापकांवर स्वाभाविक तापमानाची खूण ९८.४ वर असे.

कोऱ्या पानांकडेही लक्ष द्यावे. एखाद्या केसबुकात सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये नोंदी तुटक झाल्या असतील किंवा थांबल्या असतील, तर इन्फ्लुएंझाच्या सर्वांत घातक लाटेचा तो काळ आहे. डॉक्टरांना लिहायला सवड नव्हती, ते स्वतः आजारी होते, की नोंदी दुसऱ्या वहीत गेल्या, हे मात्र पत्रांवरून किंवा हिशेबावरूनच ठरवावे. फीच्या वहीत त्या आठवड्यांतील रकमा दिसत असतील तर डॉक्टर फिरत होते, एवढे तरी निश्चित होते.

७. रोगांची नावे आहेत तशी ठेवा

केसबुकात ‘थायसिस’, ‘एग्यू’, ‘रेमिटंट फीवर’, ‘ड्रॉप्सी’ अशी नावे येतात. घरच्या पत्रांत त्याच माणसांबद्दल क्षय, हिवताप, पटकी, गाठीचा ताप असे शब्द येतात. थायसिस म्हणजे बहुतांशी फुप्फुसाचा क्षय आणि एग्यू म्हणजे थंडी वाजून येणारा ताप असे म्हणता येते, परंतु ‘रेमिटंट फीवर’ या नावाखाली हिवतापही असे आणि विषमज्वरही. ड्रॉप्सी हे तर सूज येण्याचे नाव आहे. तिचे कारण हृदय, मूत्रपिंड किंवा अन्य काही असू शकते. म्हणून मूळ नाव तसेच उतरवून घ्यावे आणि आपला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहावा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासल्याची नोंद असेल, तेथेच अधिक ठामपणे बोलता येते.

प्लेगच्या वर्षांत आणखी एक सावधगिरी हवी. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर घरांची झडती आणि रुग्णांना सक्तीने हलवणे यांची धास्ती लोकांच्या मनात बसली होती. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वातावरणात कुटुंबाने रोग लपवणे आणि डॉक्टरांनी सौम्य नाव लिहिणे या दोन्ही शक्यता असतात. म्हणून सरकारी तक्त्यातील आकडे आणि खासगी केसबुक एकमेकांसमोर ठेवून वाचावीत.

८. अध्यापनाचे कागद

व्याख्यानांच्या टिपणांत डॉक्टरांचे स्वतःचे विचार किती आणि पाठ्यपुस्तकातील उतारे किती, हे आधी वेगळे करावे. विल्यम ऑस्लर यांचे १८९२ साली प्रथम प्रसिद्ध झालेले वैद्यकाचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतून वैद्यक शिकवणाऱ्या संस्थांत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. टिपणांतील सुबक वाक्ये डॉक्टरांची म्हणून उद्धृत करण्यापूर्वी तत्कालीन पाठ्यपुस्तकांत ती शोधावीत. डॉक्टरांचा खरा आवाज बहुधा समासात ऐकू येतो. ‘ससूनमध्ये अशी केस पाहिली’ अशा धर्तीची पेन्सिलीने केलेली नोंद माझ्या मते संपूर्ण व्याख्यानापेक्षा मोलाची आहे, कारण पुस्तकातील रोग आणि पुण्यातील रुग्ण तेथे एकत्र येतात. टिपणांचा कागद तोच असून शाई निराळी असेल, तर तेच व्याख्यान पुढील वर्षी दुरुस्त करून दिले गेले असावे. शाईतील फरक टिपून ठेवावा.

९. रुग्णांची नावे जपा

केसबुकात नाव, वय, जात, पेठ, व्यवसाय आणि रोग सलग लिहिलेले असतात. शंभर वर्षे झाली तरी ती कुटुंबे त्याच पेठेत राहत असतील. गुप्तरोग, मनोविकार आणि गर्भपात यांविषयीच्या नोंदींत तर कोणतीही तडजोड करू नये. आपल्या टिपणांत प्रत्येक रुग्णाला क्रमांक द्यावा आणि क्रमांक व नावे जुळवणारी यादी स्वतंत्र, कुलूपबंद ठेवावी. केवळ नाव गाळून भागत नाही: पेठ, व्यवसाय आणि मृत्यूची तारीख एकत्र छापली, तर शेजाऱ्यांना ओळख पटते. केसबुकाच्या पानांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, अक्षर कितीही सुंदर असले तरी.

१०. टिपणे, हक्क आणि कागदांचे पुढचे घर

प्रत्येक टिपणावर संस्थेचे नाव, खाते, वर्ष, खंड क्रमांक, कंपाइलेशन क्रमांक (खंडातील प्रकरणाचा क्रमांक) आणि पान त्याच वेळी लिहावे. छायाचित्र घेताना आधी फाइलीच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढील पाने कोणत्या फाइलीतील आहेत हे कळते.

पत्र ज्याच्या घरी आले त्याच्या मालकीचे असले, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची मुदत मात्र ते प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते. म्हणून पूर्ण पत्र छापायचे असल्यास पत्र लिहिणाऱ्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी.

घरातील संग्रह एखाद्या संस्थेला देण्याची कुटुंबाची इच्छा असेल, तर देण्यापूर्वी पुडक्यांच्या क्रमांकांसह यादीच्या दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर संस्थेची पोच घ्यावी. रुग्णांच्या नोंदी किती वर्षे बंद ठेवायच्या, छायाप्रती कोणाला द्यायच्या आणि संग्रह एकत्रच ठेवला जाईल का, हे तीन मुद्दे देणगीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावेत. ट्रंकेची थरावार काढलेली छायाचित्रेही त्या यादीला जोडावीत.